पडद्यावरचे चित्र कोणाच्या मालकीचे?

सीमाभागातील मराठी शाळेचा संसार पूर्वापार उसनवारीवर चालत आलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद अलीकडे राहिले. तेव्हापासून निबंधाचे पुस्तक असो की व्याकरणाची वही, लातूर-सोलापूरच्या सोयऱ्यांकडून मागवावी, रात्री जागून उतरवून घ्यावी आणि साभार परत करावी, हा आम्हां मंडळींचा शिरस्ता. आता उतरवून घेण्याचे कष्ट उरले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते त्याची छबी, म्हणजे स्क्रीनशॉट, एका बोटाने टिपता येते आणि दुसऱ्या बोटाने शंभर घरी धाडता येते. मात्र वही परत करण्याची जी सवय होती, ती या नव्या सोयीत कोठे तरी हरवली आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. मुलांना संगणकावर मराठी टंकलेखन शिकवावयाचे आहे. शिक्षक कळफलकाची मांडणी, प्रणालीतील भाषा निवडण्याची जागा, लेखनाची खिडकी अशा दहा-बारा छब्या टिपतात, त्यांवर बाण काढतात आणि पत्रक तयार करतात. वर्गात ते वाटले जाते; पुढे पालकांच्या गटात जाते; तेथून ज्यांना ही शाळा ठाऊकही नाही अशांच्या हाती पडते. हे पत्रक कोणाचे? शिक्षकाने श्रम केले हे खरे. तथापि त्या एका चित्रात प्रणाली रचणाऱ्याची चिन्हे आहेत, खिडकीत उघडलेला मजकूर तिसऱ्याच लेखकाचा आहे आणि कोपऱ्यात एखादे छायाचित्र असेल तर त्याचा धनी चौथा.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात संगणक-प्रणालीला वाङ्मयकृतीचे स्थान आहे. आज्ञावली लिहिणारा आणि कादंबरी लिहिणारा कायद्याच्या पंगतीत शेजारी बसतात, हे वाचून आमच्यासारख्या मराठीच्या विद्यार्थ्याला मौज वाटते. पडद्यावर दिसणारी चित्रे, चिन्हे ही कलाकृतीत मोडू शकतात. याच कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण यांसाठी रास्त वापराची मुभा दिली आहे. पण त्या पोटकलमातून संगणक-प्रणाली मुद्दाम वगळलेली आहे. प्रणालीसाठी वेगळ्या सवलती आहेत: रीतसर घेतलेल्या प्रणालीची सुरक्षेसाठी प्रत ठेवणे, तिचे कार्य कसे चालते याचा अभ्यास करणे वगैरे.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची सवलत मात्र निराळीच आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने केलेली कोणत्याही कृतीची प्रत हा हक्कभंग होत नाही. ‘अध्यापनाचा ओघ’ म्हणजे किती, हा प्रश्न दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतीच्या दुकानावरून उपस्थित झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या मातब्बर प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा ओघ फळा आणि खडू यांच्यापुरता आखडता घेण्यास नकार दिला. आपल्या कर्नाटकातही डॉ. शिवराम कारंतांच्या यक्षगान-रचनांच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००९ च्या निकालात कारंतांच्या मृत्युपत्राने ज्यांना हक्क मिळाला त्यांचा हक्क न्यायालयाने राखला आणि त्याबरोबरच कायद्याने दिलेल्या सवलती कोणालाही वापरता येतील हेही स्पष्ट केले. धनी आपल्या जागी, सवलत आपल्या जागी.

म्हणूनच वर्गात पत्रक वाटताना शिक्षकाने भिण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. परंतु तेच पत्रक छापून पाच-पाच रुपयांना विकले अथवा सर्व जगाला खुले करून ठेवले, की अध्यापनाचा ओघ सुटतो. ‘आम्ही नफा घेत नाही’ एवढ्याने भागत नाही. तेथे परवाना पाहावा लागतो.

परवाने पाहणे वाटते तेवढे अवघड नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या प्रणालींच्या छब्या शिकवणुकीच्या साहित्यात वापरण्यास अटींवर संमती देऊन ठेवली आहे: चित्र लहान-मोठे करावे, बाकी फेरफार करू नये, त्यात दुसऱ्याची सामग्री नसावी, ओळखू येईल अशी व्यक्ती नसावी. लिबर ऑफिससारखी मुक्त प्रणाली याहून उदार आहे. तिचा परवानाच वापर, अभ्यास आणि प्रसार यांसाठी आहे. मराठी विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन आणि त्याच अटींवर पुढे द्यावा, असा त्याचा परवाना सांगतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंकही मुक्त परवान्याचा आहे. (काही पत्रकांच्या कोपऱ्यात ‘प्रणाली कार्यान्वित करा’ ही कंपनीची सूचना ठळक उमटलेली आम्ही पाहिली आहे. विनापरवाना प्रणाली जाणूनबुजून वापरणे हा ६३-ब कलमाखाली तुरुंगवासाचा अपराध आहे. त्याचा पुरावा आपण होऊन गावभर वाटावा, याला काय म्हणावे!)

फुकट वाचावयास मिळणे आणि फुकट वाटावयास मिळणे यांत अंतर आहे, हे आमच्या घरोघरच्या मंडळींना पटवणे सर्वांत कठीण जाते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. तरीही आतील भाग लेखी परवानगीवाचून उद्धृत करू नये, असे पुस्तकावरच छापलेले असते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली. पण एखाद्या नव्या आवृत्तीच्या पानाची छबी घ्याल, तर त्यातील नवी चित्रे आणि प्रस्तावना अद्याप कोणाची तरी असतात. पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरील हक्क तर २०६० अखेरपर्यंत चालू राहील. मराठी पुस्तकांचा खप आधीच बेताचा; त्यात बीदर, कलबुर्गी, इंदूर, बडोदे येथल्या घरांनी संपूर्ण पुस्तक पानापानाच्या छब्यांतून वाचून काढले, तर त्या लहान प्रकाशकाने पुढले पुस्तक कशाच्या बळावर काढावे?

टंकलेखनाच्या त्या पत्रकावर मात्र आम्हांला एक सोपा तोडगा सुचतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी शासनमान्य असून सर्व भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखीच आहे. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, कन्नडचा ‘क’ही त्याच कळीवर. आमच्याकडील मुलाने एक शिकले की दुसरे अर्धे हाती येते. हा कळफलक छबी न टिपता विद्यार्थ्यांकडूनच पट्टी-पेन्सिलीने काढून घ्यावा, खिडक्यांची चित्रे मुक्त प्रणालीतून घ्यावीत, अक्षरे मुक्त टंकात जुळवावीत; आणि तळाशी शाळेचे नाव, प्रणालीचे नाव व ‘श्रेय देऊन कोणीही वापरावे’ ही ओळ घालावी. असे पत्रक आळंदहून निघून अक्कलकोटला पोचले तरी हरकत नाही.