जकात आणि दहा खाटा

मे २०२०. टाळेबंदीतली रमजान ईद. ईदगाह मैदाने ओस, नमाज घरातच, गळाभेटी नाहीत. दिल्लीच्या मरकज प्रकरणानंतर शेजारीही शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला होता. अशा दिवसांत इचलकरंजीच्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. त्यासाठीचे ३६ लाख रुपये शहरातल्या मुस्लिम समाजाने रमजानच्या जकात-दानातून दिले. त्याच ईदच्या निमित्ताने तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले.

असे रोज का घडत नाही? पैसा कमी पडतो म्हणून नव्हे. बोलणे कमी पडते.

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा. कुराणाने तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात पहिले गरीब आणि गरजू. हनफी परंपरेतल्या बहुतेक उलेमांच्या मते ही रक्कम गरजूच्या मालकीची व्हायला हवी. इमारतीवर वा यंत्रावर ती थेट खर्चता येत नाही. इतर काही विद्वान अधिक मोकळा अर्थ घेतात. म्हणून बैतुलमाल सांभाळणारे जकातीचा हिशेब वेगळा आणि सदक्याचा, इमदादीचा वेगळा ठेवतात. बाहेरच्याला हे ठाऊक नसते. एखादा अधिकारी किंवा कंपनीच्या सीएसआर विभागातला माणूस सहज म्हणतो, ‘पैसे जमलेत ना, मग द्या की!’ समितीतले बुजुर्ग गप्प बसतात. त्याला वाटते, यांना द्यायचेच नाही. उलट त्याने ऑडिट मागितले, खर्चाचा दाखला मागितला, की बुजुर्गांना वाटते, आपल्या इमानावरच शंका घेतली! खरे तर तो दाखला कोणाकडूनही मागितला जातो. कोणत्या पैशातून औषधे देता येतील, कोणत्या पैशातून यंत्र घेता येईल, एवढे पहिल्याच भेटीत सांगितले तरी निम्मे गैरसमज मिटतात. सरकारी दवाखान्यात येणारा बहुधा गरीबच असतो, हा दुवाही हाती असतो.

दुसरी अडचण वेळेची. जकातीचा बराच पैसा रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत येतो आणि ईदच्या आत वाटलाही जातो. रुग्णालयाला काय हवे, हे विचारायला कोणी सत्ताविसाव्या रोजाला गेला, तर अधीक्षक यादी करीपर्यंत शिरखुर्मा उकळू लागलेला असतो. ही भेट शाबान महिन्यातच घ्यायला हवी.