स्टीलच्या भांड्यांवर गंजाचे डाग का पडतात?

वैशाख पौर्णिमेची खीर आणि भोजनदान झाले की विहाराची ताटे, वाट्या, चमचे पेटीत जातात. पावसाळ्यात मोठी पंगत सहसा नसते. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पेटी उघडावी, तर चमच्यांवर आणि ताटांच्या कडांवर तांबूस ठिपके! "स्टील तर गंजत नाही, मग दुकानदाराने फसवले काय?" असे आमच्या माता-भगिनी विचारतात. त्याचे उत्तर आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

स्टेनलेस स्टील हे मुख्यत्वे लोखंडच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. या क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. हेच भांड्याचे कवच. ओरखडा पडला तरी हवा मिळाल्यास ते आपोआप भरून येते. मीठ, क्लोरीन आणि साचलेली ओल हे त्याचे शत्रू. ओली ताटे एकात एक रचली की मध्ये हवा पोचत नाही, कवच भरून येत नाही आणि बारीक छिद्रे पडून गंज धरतो.

सर्व स्टील सारखे नसते. '304' प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. ते अधिक टिकते. स्वस्त भांड्यांत निकेल कमी करून मँगनीज घालतात; ती लवकर डागाळतात. सुरीला धार टिकावी म्हणून तिचे पोलाद वेगळे असते, त्यामुळे ती सर्वांत आधी गंजते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे भांडे उत्तमच, हा समजही खरा नव्हे; मँगनीजच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही.

काहीजण नळाच्या पाण्याला दोष देतात. बारवीचे पाणी शुद्ध करणारे औद्योगिक विकास महामंडळाचे केंद्र आपल्या जांभूळमध्येच आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन अत्यल्प असते. तेवढ्याने चांगले भांडे गंजत नाही. खरा दोष आपल्या हाताळणीत असतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत. आमटी-लोणच्यातील मीठ कवच खाते.
2. लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे कण भांड्यात रुततात आणि तेच गंजतात. काथ्या किंवा मऊ घासणी बरी.
3. भांडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवू नयेत.
4. संडास-फरशी धुण्याचे अॅसिड भांड्यांच्या खोलीत ठेवू नये. त्याच्या वाफेनेही बंद पेटीजवळची भांडी डागाळतात.
5. भांडी कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात वाळवून मगच ठेवावीत. ओले गोणपाट गुंडाळू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पेटी उघडावी.
6. ज्यांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे, त्यांनी धुणे संपताच दार उघडावे, लोखंडी तवा-विळी आत घालू नये. यंत्रात घालायचे मीठ सांडल्यास लगेच एकदा यंत्र चालवून ते धुऊन काढावे.

ठिपके पडलेच, तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट किंवा लिंबाचा रस लावून मऊ फडक्याने चोळावे, स्वच्छ धुवून लगेच पुसावे. वरवरचा डाग जातो. खोल छिद्र मात्र जात नाही. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

विहाराची भांडी वर्गणीतून आलेली आहेत. कुणी आईच्या, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ नाव घालून ताटे दिली आहेत. त्या कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतही खरकटे अडकते; तेवढी जागा ब्रशने घासावी. आपल्या आजोबा-पणजोबांना हॉटेलात वेगळा कप मिळत असे, आणि 1927 साली महाडला तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यांच्या वंशजांच्या पंगतीत कुणापुढेही डागाळलेले ताट येऊ नये. ते काम एकट्या भांडारप्रमुखाचे नव्हे. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाने एक फडके हाती घेतले तरी पुरे.

जय भीम!