प्लेनर हेडफोन आणि त्याला जोडायचे ‘मशीन’

एस. वाय. बी. ए.

हेडफोनची थोडीफार आवड असलेल्या कोणालाही ‘प्लेनर मॅग्नेटिक’ हा शब्द उच्चारून पाहावा. समोरून लगेच सल्ला येतो, ‘त्याला मोठा ॲम्प्लिफायर लागतो बरं का! फोनवर तो चालत नाही.’ किती मोठा, आणि का लागतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने स्वतःसाठी नवा हेडफोन घेतला आणि जुना मला दिला. तो हायफायमॅन कंपनीचा एचई-४००एसई, म्हणजे याच जातीचा. त्याच्याबरोबर हा सल्लाही आलाच. दादाने सुचवलेल्या ॲम्प्लिफायरची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मेसच्या बिलाहून अधिक होती. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी विषय समजून घ्यावा असे ठरवले. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते येथे मांडते.

ॲम्प्लिफायर हा शब्द आमच्या घरात नवा नाही. माझे वडील, आबा, आठवीतून शाळा सोडून लाउडस्पीकर भाड्याने देण्याच्या धंद्यात आले. लग्न, जत्रा, गणपती, निवडणूक अशी आमची सुगी. ॲम्प्लिफायरला ते ‘मशीन’ म्हणतात. कॉलेजात आलेली मी घरातली पहिली. पण ओहम म्हणजे काय हे मला कॉलेजने शिकवलेले नाही. आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले की मशीनला चार ओहम दिसतात, आणि ते दुप्पट तापते. हे मी टेम्पोत बसून शिकले. प्रस्तुत लेखात याहून अवघड पदार्थविज्ञान नाही, तेव्हा कला शाखेच्या मित्रमैत्रिणींनी पान उलटू नये.

प्रथम हा हेडफोन वेगळा कसा ते पाहू. नेहमीच्या, म्हणजे डायनॅमिक हेडफोनमध्ये आबांच्या स्पीकरचीच लहान आवृत्ती असते : एक शंकूसारखा किंवा घुमटासारखा पडदा, त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे, आणि त्याभोवती चुंबक. वीज वेटोळ्यातून जाते, वेटोळे हलते आणि पडद्याला ढकलते. जोर पडद्याच्या एका भागावर पडतो, बाकीचा पडदा त्याच्या मागून येतो. प्लेनरमध्ये वेटोळे नसते. अतिशय पातळ प्लॅस्टिकचा सपाट पडदा असतो, त्यावर धातूच्या बारीक पट्ट्या नागमोडी छापलेल्या असतात, आणि पडद्यासमोर चुंबकांच्या कांड्या रांगेने लावलेल्या असतात. पट्ट्यांतून वीज वाहिली की जवळजवळ सगळा पडदा एकदम हलतो.

ही कल्पना आजची नाही. यामाहा कंपनीने १९७६ साली एचपी-१ हा असा हेडफोन काढला होता. त्याची घडण मारिओ बेलिनी या इटालियन वास्तुरचनाकाराची. पुढे हा प्रकार मागे पडला. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील ऑडेझी, तसेच हायफायमॅन, यांनी तो पुन्हा पुढे आणला. तोवर निओडिमियमचे जोरदार चुंबक सर्रास मिळू लागले होते, हा त्यातला मोठा फरक.

ऐकायला फरक पडतो का? मिरज आमच्या गावापासून एस. टी.ने तासाभरावर आहे. तेथल्या तंतुवाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. तेथे तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवतो, पुन्हा तार छेडतो, पुन्हा कानस घेतो. त्या जवारीतून सुटणारे बारीक बारीक स्वर गायकाच्या आवाजामागे सलग ऐकू येणे, हे मला या हेडफोनमध्ये पहिल्यांदा मिळाले. याला शास्त्रीय पुरावा म्हणू नये. माझा आधीचा हेडफोन फारच साधा होता.

आता मूळ प्रश्न. ॲम्प्लिफायर निवडताना हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे पाहावेत. एक इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी : एक मिलिवॅट वीज दिली तर किती डेसिबल आवाज निघेल. माझ्या हेडफोनसाठी कंपनी २५ ओहम आणि ९१ डेसिबल असे आकडे देते. (काही कंपन्या मिलिवॅटऐवजी एका व्होल्टला किती डेसिबल ते छापतात. तो आकडा नेहमी मोठा दिसतो, त्यामुळे तुलना करताना डोळे उघडे ठेवावेत.)

डेसिबलचा हिशेब लॉगॅरिथमचा असतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुस्तक उघडावे लागत नाही : वीज दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहापट केली की १० ने. ऐकण्याची सरासरी पातळी ८० डेसिबल धरली, शास्त्रीय संगीतातले अचानक येणारे चढ आणखी २० धरले, आणि वर १० शिल्लक ठेवले, तर ११० डेसिबलची सोय असावी असे निघते. माझ्या हेडफोनला ९१ पासून ११० पर्यंत १९ हवेत. त्यातल्या १० साठी दहापट, उरलेल्या ९ साठी तीनदा दुप्पट म्हणजे आठपट, एकूण ऐंशीपट. ८० मिलिवॅट. २५ ओहमवर एवढी वीज द्यायला सुमारे १.४ व्होल्ट आणि ५६ मिलिॲम्पिअर लागतात. आबांच्या सर्वांत लहान मशीनवर ‘१०० वॅट’ लिहिलेले आहे, त्याचा हा बाराशेवा हिस्सा!

मग हा ‘मोठा ॲम्प्लिफायर’ आला कुठून? त्याचे मूळ माझ्या मते एचई-६ या हेडफोनमध्ये असावे. हायफायमॅनचाच हा २०१० चा हेडफोन; ५० ओहम आणि अवघे ८३.५ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला जवळजवळ ४५० मिलिवॅट हवेत, म्हणजे पावणेपाच व्होल्ट आणि सुमारे ९५ मिलिॲम्पिअर. तो चालवण्यासाठी लोक खरोखर स्पीकरचे ॲम्प्लिफायर वापरत असत. याउलट ऑडेझीचा एलसीडी-एक्स पाहा. तोही प्लेनरच, पण २० ओहम आणि १०३ डेसिबल. त्याला ५ मिलिवॅट पुरतात. एकाच जातीच्या दोन हेडफोनांत नव्वदपट अंतर! जात पाहून भूक ठरवू नये, हे येथेही खरे आहे.

आणखी एक वाक्य वारंवार कानी पडते, ‘प्लेनरला करंट लागतो.’ जणू त्याला व्होल्टेजचे वावडे आहे. वस्तुतः यात गूढ काही नाही. ओहम कमी असले की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह वाहतो, हा ओहमचा नियम. आबांचे तापणारे मशीन हे त्याचेच उदाहरण. पण त्यातून खरेदीला उपयोगी एक गोष्ट निघते. ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीतला वॅटचा आकडा किती ओहमवर मोजला आहे ते आधी पाहावे. समजा, एखादा ॲम्प्लिफायर ५ व्होल्ट देऊ शकतो, पण ५० मिलिॲम्पिअरच्या पुढे दमतो. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याला पुरते १७ मिलिॲम्पिअरही द्यावे लागत नाहीत, तो खुशाल चालतो. २५ ओहमवर मात्र त्याला २०० द्यावे लागतील, आणि ते त्याच्याजवळ नाहीत. आवाज फाटू लागतो. म्हणून प्लेनरसाठी ३२ किंवा १६ ओहमवरचा आकडा विचारावा. ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दिसायला देखणे असतात, पण ते मुख्यतः जास्त ओहमच्या हेडफोनांसाठी. त्यांच्या वाटेला प्लेनरवाल्याने न गेलेले बरे.

आउटपुट इंपिडन्सच्या बाबतीत प्लेनर फार सोशिक आहे. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या डायनॅमिक हेडफोनवर ३०० ओहम लिहिलेले असले तरी खर्जाच्या एका पट्ट्यात तोच आकडा पाचशेच्या आसपास चढतो. ॲम्प्लिफायरच्या पोटात स्वतःचा विरोध मोठा असेल तर त्या पट्ट्यात आवाज फुगतो आणि नाद बदलतो. प्लेनरचे ओहम खर्जापासून तारापर्यंत जवळजवळ सारखेच राहतात. त्यामुळे नाद बदलत नाही, फक्त आवाज कमी होतो. जुन्या स्टीरिओ रिसीव्हरच्या हेडफोनच्या भोकामागे बहुधा एक जाडा रेझिस्टर असतो. तेथे प्लेनर लावला तर बिघडत काही नाही, पण बरीचशी वीज त्या रेझिस्टरमध्येच मुरते.

एवढी आकडेमोड झाल्यावर माझ्याजवळचा टाइप-सी डोंगल मोजून पाहायचे ठरवले. माझा धाकटा भाऊ आय. टी. आय.ला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात आहे. घरातल्या स्वस्त मीटरची एसी पट्टी २०० व्होल्टपासून सुरू होते, तिच्यावर एक व्होल्ट नीट वाचता येत नाही. म्हणून त्याने एका मित्राकडून २ व्होल्टची पट्टी असलेला मीटर आणला. फोनवर ५० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. हेडफोन जोडला नव्हता. त्याच्या जागी २७ ओहमचा रेझिस्टर लावला, कारण एवढा आवाज हेडफोनला आणि त्याहीपेक्षा कानाला परवडणारा नाही. रेझिस्टर नसताना मीटरने ०.९८ व्होल्ट दाखवले, लावल्यावर ०.९५. म्हणजे डोंगलचा स्वतःचा विरोध एक ओहमसुद्धा नाही, आणि ३५ मिलिॲम्पिअर देताना त्याला धाप लागत नाही. ०.९५ व्होल्टला माझ्या हेडफोनमध्ये ३६ मिलिवॅट जातात. ८० च्या निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे ११० च्या जागी साडेएकशेसहा डेसिबल. ‘फोनवर चालत नाही’ म्हणतात तो हेडफोन एका बोटाएवढ्या डोंगलवर साडेतीन डेसिबलच काय ते कमी पडतो.

आता उलट बाजू. दादाने सुचवलेला ॲम्प्लिफायर ३२ ओहमवर २ वॅट देतो, म्हणजे ८ व्होल्ट. माझ्या हेडफोनवर त्याचे १२५ डेसिबल होतील. इतका आवाज कानाशी लावून कोणी ऐकणार नाही हे उघड आहे. पण मग आवाजाचे बटण सुरुवातीच्या जेमतेम पावपट्टीत फिरवावे लागते. स्वस्त बटणांचे डावे-उजवे नेमके तेथेच जुळत नाही. शिवाय चुकून हात लागला तर काय? घेणाऱ्याने निदान गेन कमी करण्याची सोय असलेला ॲम्प्लिफायर घ्यावा. बॅलन्स्ड जोडणीचे तेच. तिच्यामुळे व्होल्टेज दुपटीपर्यंत जाते. एचई-६ वाल्याला ते उपयोगी, मला निरुपयोगी. आबांनी मोकळेपणाने सांगितले होते, ‘आपलं मशीन घे की, पडलंय!’ तेही मी टाळले. अनेक नव्या मशीनांत स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळते. हेडफोनच्या तीन कप्प्यांच्या पिनमध्ये डाव्या-उजव्याची एक तार एकच असते. दोन्ही एकत्र आल्या की मशीन तरी जाते, नाहीतर पडदा जळतो.

आबांचा विषय निघाला म्हणून सांगते. डेसिबलच्या या हिशेबात मी कंजूषपणा करते त्याचे कारण ते आहेत. तीस वर्षे ते स्पीकरच्या भिंतीशेजारी उभे राहिले. गेल्या वर्षी त्यांच्या कानांची तपासणी झाली, तेव्हा आलेखाची रेघ ४००० हर्ट्झच्या जवळ खड्ड्यात उतरलेली होती. मोठ्या आवाजाने बाधलेल्या कानाची ती ओळखीची खूण. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. गिऱ्हाईक फोनवर ‘सात’ म्हणते आणि आबा ‘आठ’ लिहून घेतात. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा आहे की ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास; त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९१ ला दोन तास, १०० ला पंधरा मिनिटे. मिरवणुकीत पंधरा मिनिटांत तर भिंत चौकातून हलतसुद्धा नाही. ॲम्प्लिफायरसाठी काढून ठेवलेल्या पैशांत श्रवणयंत्र येत नाही, हेही मी चौकशी करून पाहिले. त्यांना हा हेडफोन लावून दिला तेव्हा त्यांनी तंबोरा ऐकला, मान हलवली आणि लगेच आवाज वाढवायला हात पुढे केला. डोंगलचे बटण मी माझ्याच हातात ठेवले.

मी अजून ॲम्प्लिफायर घेतलेला नाही. उद्या कोणी एचई-६ आणून दिला तर घ्यावा लागेल, आणि तो निदान ५० ओहमवर अर्धा वॅट देणारा लागेल. कॉलेजात आणखी तिघांकडे प्लेनर हेडफोन आहेत असे ऐकते. प्रत्येकाचे ओहम वेगळे, डोंगलही वेगळे, तेव्हा माझे उत्तर त्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. मीटर महिनाअखेरपर्यंत भावाकडे आहे. ज्यांना आपला डोंगल मोजून हवा असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी तास संपल्यावर वाचनालयाच्या ओट्यावर यावे. २७ ओहमचा रेझिस्टर आमच्याकडे आहे; फोन मात्र चार्ज करून आणावा.