कंसातल्या ओळीमागचे गाणे

नववीच्या वर्गात ‘सौभद्र’ नाटकाचा एक प्रवेश वाचत असताना मुलांनी विचारले, “सर, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून हे काय लिहिलंय?” चालीच्या नावाखाली भलत्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द आणि पुढे टिंबे. आम्हीही ती ओळ आजवर ओलांडूनच वाचत आलो होतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ व १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. एकट्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे आहेत. इतक्या सगळ्यांना नव्या चाली कोण लावणार? तेव्हा कीर्तनातली पदे, लावण्या, कानडी गाणी, बैठकीतल्या चिजा, ज्या चाली लोकांच्या ओठांवर होत्या त्यांवरच नवे शब्द बसवले. पुस्तकात मूळ गाण्याचे दोन शब्द छापले की गाणाऱ्याला कळत असे. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली आणल्या. गंमत अशी की खूण म्हणून छापलेली कित्येक गाणीच पुढे विसरली गेली. त्यांच्या जिवावर उभी असलेली पदे मात्र आपण अजून ऐकतो.

अशा गाण्याचा माग कसा काढावा? आधी जुनी आवृत्ती मिळवावी, कारण नंतरच्या छपाईत चालीची ओळ असतेच असे नाही. मग ती ओळ नीट पाहावी. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे लिहिले असेल तर शोधण्यासारखे काही नाही. ती छंदांची नावे आहेत. शब्द अनोळखी असतील तर ते मोठ्याने म्हणून पाहावेत. हिंदी किंवा कानडी गाणे मराठी माणसाने कानाने ऐकून लिहिलेले असते, त्यामुळे डोळ्यांना न कळणारा शब्द कधी कधी कानाला कळतो. त्यानंतर लावणीसंग्रह, चिजांची पुस्तके आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या चाळाव्यात. आपल्याकडे ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण १९०२ पासून सुरू झाले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे गाणे. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःचे नाव सांगे, म्हणजे तिथल्या लोकांना लेबल लावताना घोटाळा होऊ नये! पण रेकॉर्ड मिळाली म्हणजे शोध संपला असे समजू नये. पहिले शब्द तेच आणि चाल निराळी, असेही होते. नव्या पदाचे शब्द त्या सुरावटीवर मात्रा न ओढता बसतात का, हे गाऊनच पाहावे लागते.

या कामाला बडोद्यासारखे गाव नाही. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची; चाली लिहून ठेवण्याची नोटेशन पद्धत त्यांनी इथेच शिकवली. ‘स्वयंवरा’ला चाली देणारे भास्करबुवा बखले याच शहरात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले. गंधर्व नाटक मंडळीला दरबारचा आश्रय होता. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय तर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

तरीही आमच्या वर्गाचे कोडे सुटले ते पुस्तकात नाही. एका विद्यार्थिनीने ते दोन शब्द घरी आजीला वाचून दाखवले. आजींनी भाजी निवडता निवडता पुढच्या चार ओळी म्हटल्या. लग्नाआधी त्यांच्या माहेरी हे गाणे मंगळागौरीला म्हणत. शेवटचे कडवे त्यांना आठवेना. ते त्यांच्या आईला येत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आम्ही ठरवले होते. सुट्टीतच आजी गेल्या. नातीला पाठ झाल्या होत्या तेवढ्याच ओळी, चालीसकट, आता आमच्याकडे आहेत.

पालकांना विनंती की घरी संगीत नाटकांची जुनी पुस्तके असल्यास पाहण्यासाठी शाळेत पाठवावीत. आठवड्याच्या आत परत करू. आणि ज्यांच्या घरी गाणारे वडीलधारे आहेत त्यांनी चिठ्ठी पाठवावी. वेळ त्यांच्या सोयीची, येऊ आम्हीच.