केली बार्न्स सरोवर

केली बार्न्स सरोवर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य भागात टोकोआ शहराजवळ असलेले एक पूर्वीचे लहान कृत्रिम सरोवर. क्षेत्रफळ सु. १६ हेक्टर. टोकोआ ओढ्यावर मातीचे धरण बांधून ते निर्माण करण्यात आले होते. धरणाच्या खाली हा ओढा सु. ५७ मी. उंचीच्या टोकोआ धबधब्यावरून कोसळतो आणि धबधब्याच्या पायथ्याशी असलेल्या अरुंद खोऱ्यात एका ख्रिस्ती महाविद्यालयाची वसाहत आहे. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास धरण फुटले आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २० मुले होती. एवढ्या लहान जलाशयाची धरणशास्त्रात एरवी दखल घेतली जात नाही. लहान धरणांच्या सुरक्षिततेचा विचार मात्र अमेरिकेत या घटनेपासूनच खऱ्या अर्थाने सुरू झाला.

मूळ बांध १८९९ मध्ये पूर्ण झाला. लाकडी चौकटींत दगड भरून तो एका लहान जलविद्युत् केंद्रासाठी उभारलेला होता. पुढे महाविद्यालयाच्या पूर्वीच्या संस्थेने विजेचा पुरवठा वाढविण्यासाठी हा बांध पोटात ठेवून त्यावर मातीचा भराव घातला व दुसऱ्या महायुद्धानंतर भरावाची उंची आणखी वाढविली. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने झालेले हे धरण अखेरीस सु. १२ ते १३ मी. उंच व सु. १२० मी. लांब होते. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि त्यानंतर सरोवराचा उपयोग केवळ मनोरंजनासाठी होऊ लागला. हा बदल वरकरणी निरुपद्रवी वाटतो. परंतु वीजकेंद्र चालू असताना पाण्याची पातळी, दारे व नळ यांकडे रोज कोणी तरी पाहत असते. सहलीच्या तळ्याकडे लोक पाहतात ते पाण्याच्या बाजूने. धरणाचा धोका मात्र बहुधा पाठीमागच्या, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या उतारावर प्रकट होतो.

मातीच्या धरणातून थोडेबहुत पाणी नेहमीच पाझरते आणि पाझर स्वच्छ व मोजका असेल, तर त्यात भय नसते. योग्य रीतीने बांधलेल्या धरणात मध्यभागी चिकणमातीचा गाभा, त्यामागे पाझराचे पाणी जाऊ देणारा पण मातीचे कण अडविणारा वाळूचा गाळणथर आणि पायथ्याशी निचऱ्याची सोय असते. गाळणथर नसल्यास पाझराबरोबर मातीचे कण वाहून जाऊ लागतात. पाण्याच्या बाहेर पडण्याच्या जागेपासून पोकळी मागे मागे सरकत जलाशयापर्यंत पोहोचते आणि भरावात जणू नळीच तयार होते. झाडांची कुजलेली मुळे, प्राण्यांची बिळे व भरावातून नेलेले जुने नळ यांच्या कडेने अशी वाट विशेष लवकर पडते. म्हणून धरणावरची झाडी कितीही रम्य दिसली, तरी ती वाढू देणे अयोग्य होय. दुसरा धोका उतार घसरण्याचा असतो. मातीच्या भरावाच्या खालच्या अंगाचा उतार सामान्यतः एकास दोन किंवा त्याहून सौम्य ठेवतात. केली बार्न्स धरणाचा उतार जवळजवळ एकास एक एवढा खडा होता. असा भराव कोरडा असेपर्यंत टिकतो, पण पाझराने भिजला की मातीची पकड सुटते.

१९७३ मध्ये घेतलेल्या एका छायाचित्रात या उताराचा काही भाग घसरलेला दिसतो. ही खूण दिसूनही तिची दखल घेणे कोणावर बंधनकारक नव्हते, कारण खाजगी धरणांची तपासणी करणारा कायदा त्या वेळी जॉर्जियात नव्हता. २ ते ५ नोव्हेंबर १९७७ या काळात तेथे सु. १८ सेंमी. पाऊस पडला, त्यातील निम्मा अखेरच्या रात्री सहा तासांत पडला. धरण फुटल्यावर सु. पावणेआठ लाख घ. मी. पाणी खोऱ्यात उतरले. हा साठा पुण्याजवळील खडकवासला जलाशयाच्या उपयुक्त साठ्याच्या सु. सत्तराव्या भागाएवढाच, परंतु तो अल्पावधीत सुटल्याने प्रवाहाचे कमाल मान सेकंदास सु. ६८० घ. मी. पर्यंत गेले. घरांत व चाकांवरच्या फिरत्या निवासांत झोपलेल्यांना सावध होण्यास वेळ मिळाला नाही. चौकशी मंडळाला एकच निश्चित कारण सांगता आले नाही. खड्या उताराची स्थानिक घसरण, तिच्या जोडीला पाझराने पडलेली पोकळी, त्यातून माथ्याला पडलेले भगदाड आणि मग भिजलेल्या भरावाचा संपूर्ण पाडाव, असा क्रम मंडळाने सर्वांत संभाव्य मानला.

खाजगी व राज्यांच्या धरणांच्या तपासणीचा अधिनियम अमेरिकेत १९७२ मध्येच संमत झाला होता. पण तपासणीसाठी पुरेसा पैसा दिला गेला नव्हता. या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सैन्याच्या अभियांत्रिकी दलाला तपासणीचा आदेश दिला. १९८१ पर्यंत सु. ८,८०० धरणे तपासण्यात आली व त्यांतील सु. एकतृतीयांश असुरक्षित ठरली. जॉर्जियाने १९७८ मध्ये स्वतःचा सुरक्षित धरण अधिनियम केला. धरण फुटल्यास खाली माणसे दगावतील काय, या प्रश्नावर त्यात धरणांची वर्गवारी केलेली आहे. ओसाड माळावरील मोठ्या तलावापेक्षा वस्तीच्या माथ्यावरील तळे अधिक धोक्याचे ठरू शकते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

भारताच्या धरण सुरक्षा अधिनियमात (२०२१) प्रामुख्याने आकारमानाचा निकष आहे. १५ मी.हून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात; १० ते १५ मी. उंचीच्या धरणांना माथ्याची लांबी किमान ५०० मी., साठा किमान १० लाख घ. मी. यांसारख्या अटींपैकी एखादी लागू असावी लागते. उंची, लांबी व साठा या मोजमापांनी पाहता केली बार्न्स धरण या कक्षेबाहेर राहिले असते. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे लघुधरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून पायथ्याची वाडी वाहून गेली होती.

केली बार्न्स धरण पुन्हा बांधण्यात आले नाही. सरोवराच्या जागी आता ओढ्याचे मूळ पात्र असून धबधब्याजवळ मृतांचे स्मारक आहे.