नोकरी की स्वतःचा धंदा?

मुरबाड व शहापूर तालुक्यांत भातकापणीनंतर भेंडी व इतर भाजीपाला घेतला जातो. बदलापूरच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकन लाभले आहे. माल पिकविणारे आहेत आणि कल्याण-डोंबिवली, ठाणे ही खाणारी शहरेही जवळच आहेत. उणीव आहे ती या दोहोंमधील धंदा अंगावर घेणाऱ्या सुशिक्षित तरुणाची. पदवी हाती पडताच त्याची पावले नोकरीकडे वळतात.

जांभळाचेच पाहा. हे फळ काढल्यावर दोन-तीन दिवसांत नासू लागते. त्याचे सरबत किंवा बियांची भुकटी करावयाची तर फळाची प्रत ओळखणारा कृषी पदवीधर हवा, टिकवणीचे तंत्र जाणणारा हवा आणि एका बाटलीमागे खर्च किती पडला हे सांगणारा हिशेबनीसही हवा. हे तिघे आजवर निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकत आले. त्यांची एकमेकांशी गाठच पडत नसे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील या भिंती सैल करण्यास वाट दिली. त्यापूर्वीच, २०१५ साली, कृषी विद्यापीठांसाठी ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात राहून शेती पाहतात, तसेच स्वतः माल तयार करून विकतात.

अशा शिक्षणाने धंदा काढण्याची इच्छा खरोखर वाढते काय? १९६४ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातील काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण दिले, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी पुढे उद्योग वाढविला. परंतु नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांकडून छोटी कंपनी चालवून घेतली असता त्यांची इच्छा उलट कमी झाली, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यात खेद मानण्याचे कारण नाही. तोटा कसा येतो हे पन्नास बाटल्यांवर कळणे, वडिलांची जमीन गहाण पडल्यावर कळण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त!

आइसेक एज्झेन यांनी १९९१ साली मांडल्याप्रमाणे असा इरादा तीन गोष्टींवर उभा असतो: त्या कामाविषयीचे स्वतःचे मत, आप्तेष्टांचा कौल आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. पहिली व तिसरी गोष्ट महाविद्यालय घडवू शकेल. दुसरी मात्र शेतकरी बंधूंनो, आपल्याच हाती आहे. येत्या मे-जूनमध्ये जांभळाच्या चार टोपल्या शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन कराव्यात. तोडणीची मजुरी, वाहतूक, नासलेला माल व विक्री यांचा जमाखर्च त्यांनीच वहीत मांडावा, आणि भावही त्यांनाच ठरवू द्यावा.