एवढ्याशा जिवाची एवढीशी शिदोरी

लेकीच्या हट्टापायी गेल्या जानेवारीत आमच्या घरी टॉय पॉमचं पिल्लू आलं. वजन जेमतेम ६०० ग्रॅम. नाव ठेवलं चिनू. विकणारा म्हणाला, "दोन महिन्यांची आहे ताई, काही बघावं लागत नाही."

चौथ्या दिवशी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांची ये-जा, चिनू या मुलाच्या हातातून त्या मुलाच्या हातात. या गडबडीत तिचं सकाळनंतरचं खाणं राहूनच गेलं. संध्याकाळी सासूबाई ओरडल्या, "अगं, ही बघ कशी झोकांड्या खातेय!" बघते तर अंगाला कापरं, नजर कुठेतरी हरवलेली. मला वाटलं, थंडी वाजत असेल. शालीत गुंडाळून ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं तर ओल्या फडक्यासारखी लुळी पडलेली! हात-पाय गार.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "रक्तातली साखर उतरलीय. मध बोटाला लावून हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि तशाच निघा." रिक्षात मी हिरड्या चोळत होते, लेक हमसून रडत होती. दवाखान्याच्या दारात चिनूने जीभ हलवली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तासाभरात ती उभी राहिली.

दात बघून डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांची कसली? जेमतेम पाच आठवड्यांची आहे." मैत्रिणींनो, केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. मला हे ठाऊकच नव्हतं.

पॉम, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा चिमुकल्या जातींच्या पिल्लांना हा धोका जास्त. आपण उपवास केला तरी यकृतात साठवलेली साखर आपल्याला पुरते. पण यांचं यकृत इवलंसं, अंगावर मांस नाही. म्हणजे शिदोरी छोटी आणि खर्च मोठा. एक-दोन वेळचं खाणं चुकलं, जुलाब झाले, पोटात जंत असले, थंडी बाधली किंवा फार दमवलं की साखर झपाट्याने उतरते.

ही लक्षणं ओळखा : खेळता खेळता मलूल होणं, खाण्याकडे तोंड फिरवणं, चाल अडखळणं, थरथर, हाकेला ओ न देणं. पुढची पायरी म्हणजे झटके आणि बेशुद्धी.

काय करायचं? पिल्लू शुद्धीवर असेल तर मध किंवा साखरेचं दाट पाणी थोडं थोडं चाटवा. शुद्ध हरपली असेल तर फक्त हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर बोट चावलं जाणार नाही याची काळजी घ्या. उबेत गुंडाळा. तरतरी आली की लगेच खायला द्या, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच. साखर पुन्हा उतरू शकते.

पण असं होऊच नये म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाऊ घाला. रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि सकाळी उठल्या उठल्या एकदा. थंडीत ऊबदार अंथरूण, वेळेवर जंताचं औषध. नव्या घरात पहिले काही दिवस पाहुण्यांच्या हाती देऊ नका. रोज मध मात्र नको, तो अडीअडचणीलाच. आणखी एक, 'शुगर फ्री' च्युइंगगम, गोळ्या कुत्र्यापासून लांब ठेवा. काहींमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची साखर एकदम कोसळते.

पिल्लू चार महिन्यांचं झालं की धोका बराच कमी होतो. फारच चणीने लहान असेल, तर पुढेही जपावं लागतं. आमची चिनू आता घरभर हुंदडते. यंदाच्या हळदीकुंकवाला पहिल्या बाईला कुंकू लावण्याआधी सासूबाईंनी विचारलं, "चिनूचं खाणं झालं का गं?"

झालं होतं. मधाची बाटली मात्र अजूनही फ्रीजवर, हाताशीच असते.